स्विफ्टला स्पेसर बसवू का? आतल्या बाजूने टायर घासतोय

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातला आहे, नोकरी चिपळूणला. रोजचं जाणं-येणं मिळून साधारण ९० किमी होतं. गाडी २०१४ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, मूळची १४ इंची लोखंडी रिमची. गणपतीच्या आधी ओळखीतून एक अलॉयचा सेट मिळाला. रिम १५ इंची, साडेसहा रुंद, मागे ईटी ४५ कोरलेलं आहे (रिमचा ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारं तोंड रिमच्या मध्यापासून ४५ मिमीवर). सोबत टायरही आले, २०५/६०, अजून निम्म्याहून जास्त आयुष्य शिल्लक असलेले. बसवले, गाडी दिसायला सुरेख झाली. चार दिवसांनी मोडकाआगरच्या वळणांवर पुढून बारीक घर्र आवाज यायला लागला. चाक काढून बघितलं तर शॉकपची खालची नळी एका जागी घासून चकचकीत झालेली आणि टायरच्या आतल्या गालावर गोल रेघ.

टायरच्या दुकानात दाखवलं. दुकानदार म्हणाले, "चाकाच्या मागे २० मिमीचे स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, टाका, चाक बाहेर येईल, घासायचं थांबेल, गाडी रुंदही दिसेल." भावाने ५ मिमीची जोडी आणून ठेवलीये. वडील म्हणतात, काही नको, जुनी चाकं परत लाव.

कोणी वापरले आहेत का? ५ पुरतील की २० लागतील? आपल्याकडच्या घाटात आणि पावसात हे टिकतं का? घरची चारही माणसं याच गाडीतून फिरतात, म्हणून नीट समजून घेऊनच हात लावायचा आहे.

वेंगुर्ल्याचा_वारा

फोटो टाका. चाक काढलेलं असताना हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) समोरून एक, शॉकपचा बाजूने एक.

रात्रीचा_घाट

मी तीन वर्षं २० मिमीचे वापरतोय, गाडी दुसऱ्या कंपनीची. कुंभार्ली, आंबा, फोंडा सगळे घाट झाले. काहीही झालेलं नाही. वळणावर गाडी जास्त बसून चालते असं मला तरी जाणवतं. लोक उगाच घाबरवतात. चांगल्या प्रतीचे घ्या, नीट आवळा, विषय संपला. पोर्शेसारखी कंपनीसुद्धा काही गाड्यांना स्वतःचे ५ मिमीचे स्पेसर देते, म्हणजे वस्तूच वाईट असती तर त्यांनी दिली असती का?

करूळकरीण

रात्रीचा_घाट दादा, तुमचं चांगलं चाललंय याचा आनंद आहे, पण आमचा अनुभव सांगते. लिहिताना आजही हात थरथरतो.

आमच्या गाडीला १० मिमीचे साधे स्पेसर होते. साधे म्हणजे नुसती चकती, हबवरच्या मूळच्याच स्टडवर, म्हणजे आट्यांच्या दांड्यांवर, सरकवायची आणि वरून चाक लावून नट आवळायचे. ज्या दुकानात बसवले त्यांनी हवेच्या गनने घर्रर्र करून पाच मिनिटांत गाडी बाहेर काढली. दोन महिने काही झालं नाही. ऑगस्टमध्ये वैभववाडीहून करूळ घाट चढत होतो, मुलगी मागे झोपलेली. पुढून टक-टक-टक आवाज. आम्हाला वाटलं टायरच्या नक्षीत खडा अडकलाय. दोन वळणं तसेच गेलो. मग स्टीअरिंग हलायला लागलं. थांबलो, ह्यांनी टॉर्च मारून बघितलं, तर पुढच्या डाव्या चाकाचे चारपैकी दोन स्टड तुटून गेलेले, तिसऱ्याचा नट बोटांनी फिरत होता. एका नटावर चाक होतं.

डावीकडे दरी होती. आणखी एखादं वळण पुढे गेलो असतो तर काय, हा विचार मी अजून पूर्ण करत नाही.

स्टेपनी असून उपयोग नव्हता, कारण ती लावायची कशावर? स्टडच नव्हते. पावसात चार तास थांबलो. कोल्हापूरहून भाजी उतरवून परतणाऱ्या एका टेम्पोवाल्या भावाने आम्हा तिघांना खाली सोडलं. गाडी दुसऱ्या दिवशी उचलून आणली.

नंतर मिस्त्रींनी दाखवलं. नट मोजून चार आटे बसत होता. बाकी सगळे आटे त्या चकतीने खाल्ले होते.

रात्रीचा_घाट

ताई, वाचून अंगावर काटा आला. तुम्ही सगळे सुखरूप आहात हे महत्त्वाचं. पण माझे स्पेसर त्या प्रकारचे नाहीत. माझे बोल्टचे आहेत: स्पेसर मूळच्या स्टडवर वेगळ्या नटांनी आवळला जातो आणि त्याच्या स्वतःच्या स्टडवर चाक बसतं. दोन्हींना एकाच नावाने ओळखतात म्हणून गोंधळ होतो.

लेथ_कुडाळ

आता बोलतो. कुडाळ एमआयडीसीत माझं लेथचं काम आहे. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत मागणीप्रमाणे स्पेसर करून द्यायचो, आता बंद केलं. का ते शेवटी.

करूळकरीण ताईंनी आट्यांचं सांगितलं, तोच या धाग्याचा गाभा आहे. सुझुकीच्या या गाड्यांना स्टड १२ मिमी जाडीचा आणि आटे १.२५ मिमीचे. म्हणजे नट एक पूर्ण फेरा फिरला की १.२५ मिमी पुढे जातो. नटाची पकड निदान स्टडच्या जाडीएवढी हवी असं आम्ही धरतो. १२ भागिले १.२५, म्हणजे साडेनऊ फेरे, धरा दहा. आता हिशेब सोपा आहे. ५ मिमीची चकती ४ फेरे खाते. १० मिमीची ८ खाते. घरी बसून मोजता येतं: चकती लावून चाक चढवा, नट हाताने लावा आणि टेकेपर्यंतचे पूर्ण फेरे मोजा. दहाच्या खाली आले तर त्या चाकावर घरची माणसं बसवू नका.

दुसरी गोष्ट मधल्या भोकाची. स्विफ्टच्या हबच्या मध्यावर पुढे आलेलं बोंडं ५४.१ मिमी व्यासाचं. कंपनीचं रिम त्यावर नेमकं बसतं, म्हणून चाक आपोआप मध्यावर येतं. बाजारातली अलॉय बहुतेक ७३.१ मिमी भोकाची, कारण एकच रिम दहा गाड्यांना विकायचं असतं. मधली फट भरायला प्लॅस्टिकची किंवा अॅल्युमिनियमची रिंग मिळते. ती नसेल तर चाक फक्त नटांच्या निमुळत्या तोंडावर मध्यात येतं, आणि मग ८० च्या पुढे स्टीअरिंग थरथरतं. चपट्या स्पेसरने तर ते बोंडंच झाकलं जातं, वर चाकाला धरायला काही उरत नाही. चांगल्या स्पेसरला आतून ५४.१ चं भोक आणि बाहेरून तेवढ्याच मापाचं नवं बोंडं काढलेलं असतं. घेताना हे बघा.

तिसरं, २० मिमीच्या बोल्टवाल्या स्पेसरचं, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत. मूळ स्टड हबच्या बाहेर जेवढे आलेले असतात, त्यापेक्षा स्पेसर पातळ असला तर त्यांची टोकं स्पेसरच्या बाहेर डोकावतात. रिमच्या मागे त्या जागी खोबणी असल्या तर ठीक. नसल्या तर चाक टोकांवर टेकतं, पाठीवर बसतच नाही. बघणाऱ्याला वाटतं घट्ट झालं. मग काहीजण स्टडच कापतात. कापलेला स्टड म्हणजे परत मूळ चाकाकडे जायचा रस्ता बंद.

आता बंद का केलं. एकदा एक मुलगा फुटलेला स्पेसर घेऊन आला, माझा नव्हता, बाजारातला. ओतीव अॅल्युमिनियमचा होता, आत बारीक पोकळ्या, भोकापासून भोकापर्यंत तडा. चांगला माल ६०६१ टी-६ मिश्रधातूचा, घडवलेला किंवा अखंड ठोकळ्यातून कापलेला असतो. भंगारातून आलेल्या गोल दांड्यावर तसा काही शिक्का नसतो. मी स्वतः जे कापून देत होतो ते नक्की काय आहे, हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून नाही.

आंबोलीचा_पाऊस

लेथ_कुडाळ, हा प्रतिसाद वेगळा जपून ठेवायला हवा. मन:पूर्वक धन्यवाद.

परुळ्याचो_आजो

अरे पोरा, माका येक सांग, चाक भायर काढून तुका मिळतला काय? आमच्या पाणंदीत दोनय बाजूंन चिऱ्याचो गडगो. गाडी आसा तेवढ्याच रुंदीची बरी.

सड्यावरचा

आजोबा, रुंद दिसावी म्हणून नाही विचारत, घासतंय म्हणून विचारतोय. आमच्याही वाडीत गडगेच आहेत, आणि २० मिमी म्हटलं की दोन्ही बाजू मिळून गाडी ४ सेंटीमीटर रुंद होणार हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

लेथ_कुडाळ काका, उद्या फेरे मोजतो.

तंत्र_शिक्षक

यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, म्हणून एका गैरसमजाबद्दल लिहितो. गाडीचं वजन स्टडवर लटकलेलं असतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो आणि रबर बँडसारखा चाकाला हबवर दाबून धरतो. वजन पेलतं ते त्या दाबामुळे दोन पृष्ठांमध्ये होणारं घर्षण. १२ मिमीचा स्टड १०० न्यूटनमीटरने आवळला तर एकेक स्टड साधारण ४ टनांनी दाबतो. चार मिळून १६ टन. स्विफ्टच्या एका पुढच्या चाकावर भार जेमतेम ३०० किलो. म्हणजे सगळं स्वच्छ आणि सपाट असेल तर हाताशी भरपूर राखीव ताकद आहे.

पण दोन पृष्ठांत रंगाचा थर, गंज किंवा लाल माती असेल, तर ती काही दिवसांत दबते, झिजते. स्टडचा ताण सैल होतो. दाब गेला की चाक सूक्ष्म सरकायला लागतं, आणि मग मात्र स्टड प्रत्येक फेऱ्याला वाकतो. धातू असाच थकून तुटतो. करूळ घाटात तुटलेले स्टड बहुधा त्या दिवशी तुटले नव्हते, आधीचे काही आठवडे ते तुटत होते. स्पेसर लावला की दाबली जाणारी पृष्ठं एकाची दोन होतात, आणि बोल्टवाल्यात नटांचे संच दोन. सैल पडायला जागा दुप्पट, त्यातले आतले चार नट तर चाक काढल्याशिवाय दिसतही नाहीत.

बेअरिंगबद्दलही भीती असते, तिचाही हिशेब करू. ३०० किलो आणि २० मिमी, म्हणजे बेअरिंगवर सुमारे ६० न्यूटनमीटरचा जादा वाकवणारा जोर, सतत. वळणावर टायरला बाजूने बसणारा जोर याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे बेअरिंग आठवड्यात जाणार नाही. आयुष्य कमी होईल, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर आणखी कमी होईल.

मला जास्त काळजी स्टीअरिंगची वाटते. शॉकपच्या वरच्या टोकापासून खालच्या बॉल जॉइंटमधून एक रेषा काढली तर ती जमिनीला जिथे टेकते, तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर कंपनीने विचारपूर्वक ठेवलेलं असतं. २० मिमीने चाक बाहेर नेलं की ते अंतर तेवढंच बदलतं. एक चाक डांबरावर, दुसरं कडेच्या ओल्या वाळूत, आणि जोरात ब्रेक मारला, तर स्टीअरिंग एका बाजूला खेचलं जातं. किनारी रस्त्यांवर हे रोजचं आहे.

रात्रीचा_घाट

सर, वळणावर गाडी जास्त बसते हे तरी मान्य कराल की नाही?

तंत्र_शिक्षक

मान्य, पण किती ते बघा. दोन चाकांतलं अंतर समजा १४८० मिमी आहे. ४० मिमी वाढलं तर पावणेतीन टक्के. तुम्हाला जाणवतं ते खोटं नाही, पण चांगले टायर आणि योग्य हवा याहून जास्त देतात.

भातखाचर

थोडं विषयांतर, पण मला हे वाचून पॉवर टिलर आठवला. चिखलणीला रबरी चाकं काढून लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतो, म्हणजे चिखलात रुतत नाही. आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची रुंदी तर उलटसुलट लावून कमी-जास्त करता येते, ओळींच्या अंतराप्रमाणे. म्हणजे चाक बाहेर काढणं ही कल्पना शेतीत जुनीच. फरक एवढाच की ट्रॅक्टरच्या कंपनीने ती सोय धरूनच हब आणि अॅक्सल बनवलेले असतात.

सड्यावरचा

भातखाचर, विषयांतर अजिबात नाही. वडिलांना हेच वाचून दाखवलं, त्यांना एकदम पटलं.

मिऱ्याकडचा_वकील

कायद्याची बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीने मूळ ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हे कलम स्पष्ट आणि कडक शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

काहीजण म्हणतील, नोंदणी प्रमाणपत्रात रिमचा ऑफसेट कुठे लिहिलाय? नसतो लिहिलेला, वाद घालता येतो. पण तो वाद अपघातानंतर विमा कंपनीसमोर घालायची वेळ येते तेव्हा फार अवघड होतो. बदल आधी कळवलेला नसेल तर दाव्याच्या वेळी सर्वेक्षक पहिलं बोट त्यावरच ठेवतो. टायर मडगार्डच्या बाहेर आला असेल तर रस्त्यावर थांबवायलाही कारण मिळतं.

जर्मनीत स्पेसरला टीयूव्हीसारख्या तपासणी संस्थेची कागदोपत्री मान्यता लागते. ती मिळाली की तो कायदेशीर. आपल्याकडे मालकाला तशी सरळ वाट नाही, याची मलाही खंत आहे. नीट काम करू इच्छिणारा आणि भंगारातून चकती कापणारा दोघे एकाच रांगेत उभे राहतात.

दाभोळ_धोपावे

खारं पाणी राहिलं की. मी आठवड्यातून तीनदा फेरीबोटीने खाडी ओलांडतो. धक्क्यावर भरतीला उतारावर पाणी आलेलं असतं, चाकं त्यातूनच जातात. माझ्या आधीच्या गाडीला ५ मिमीचे स्पेसर होते, बाहेरून बोंडं काढलेले, चांगले, महाग. नटही पुस्तकात बघून टॉर्कच्या पान्याने आवळलेले. एका पावसाळ्यानंतर पंक्चर झालं, नट काढले, चाक हलेना. लाथा मारल्या, लाकडी ठोकळा ठेवून हातोडा मारला, तेव्हा निघालं. चाक निघालं आणि स्पेसर हबवर तसाच चिकटलेला. लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागून, मध्ये मिठाचं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली. पांढरी भुकटी जमून फुगलेली. स्पेसर शेवटी छिन्नीने तोडून काढावा लागला.

हेच रात्री घाटात झालं असतं तर? साधी स्टेपनी बदलता आली नसती.

ज्यांना लावायचेच आहेत त्यांनी किनाऱ्यावर निदान दर दोन-तीन महिन्यांनी चाकं उतरवावीत, हबचं तोंड वायरब्रशने लख्ख करावं, चिकटू नये म्हणून मिळतो तो लेप बोटाने पुसटसा लावावा. फक्त हबच्या तोंडाला आणि बोंड्याला. स्टडच्या आट्यांना नाही.

आंबोलीचा_पाऊस

आट्यांना का नाही? आमचा मिस्त्री तर गंजू नये म्हणून ग्रीस फासतो.

तंत्र_शिक्षक

कारण टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो. आवळताना लावलेला बहुतेक जोर घर्षणात खर्च होतो, थोडाच भाग स्टड ताणायला जातो. ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं, आणि त्याच १०० न्यूटनमीटरला ४ टनांऐवजी साडेपाच टनांच्या आसपास ताण येऊ शकतो. पान्यावर आकडा बरोबर दिसतो, स्टड मात्र जास्त ओढला जातो. आटे वायरब्रशने कोरडे साफ करा, तेवढं पुरे. आणि आकडा गाडीच्या पुस्तकातला घ्या. या जाडीच्या स्टडला बहुतेक गाड्यांत तो ८५ ते ११० न्यूटनमीटरच्या दरम्यान असतो.

वेंगुर्ल्याचा_वारा

वाळूत गाडी घालण्यासाठी रुंद चाकं हवीत म्हणून आमच्याकडे काही पर्यटक स्पेसर लावून येतात. त्यांना हात जोडून सांगणं, स्पेसरने वाळूत रुतणं कमी होत नाही, टायर तेवढाच असतो. आणि वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर थंडीत कासवं अंडी घालतात. गाडी वरच ठेवा, चालत खाली या.

सड्यावरचा

आज रविवार होता, सकाळी भाऊ आणि मी बसलो. लेथ_कुडाळ काकांनी सांगितलं तसे फेरे मोजले. जुन्या लोखंडी रिमवर १३. अलॉयवर ११. ५ मिमीची चकती घालून अलॉयवर ७. म्हणजे पावणेनऊ मिमीच पकड. भाऊ दोनदा मोजून गप्प बसला.

चकतीला आतून बोंड्याचं मापही नाही, भोक चांगलं सैल आहे. दोन्ही बाजूंना काळा रंग मारलेला, नखाने निघतोय. अलॉयलाही मधली रिंग नव्हती, म्हणजे ८० च्या पुढे स्टीअरिंग थरथरायचं ते कशामुळे तेही कळलं.

तेव्हा ५ बाद. २० लावायची आता इच्छा राहिली नाही. मग लांब स्टड टाकावेत का? की वडील म्हणतात तसं जुनी चाकं?

लेथ_कुडाळ

लांब स्टड मिळतात, पण ते हबच्या मागून दाबून बसवायचे असतात, खाचांवर घट्ट. पुढच्या हबला मागे जागा नसली तर हब काढावा लागतो, आणि हब ओढून काढला की बेअरिंग बहुधा बदलावंच लागतं. एका घर्रसाठी एवढं करू नये असं माझं मत.

पंक्चरवाला_खेडचा

नमस्कार. हायवेला टायरचं दुकान आहे, वाचतो नेहमी, लिहीत नाही. एक विचारू? घासतंय ते स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावरच की सरळ जातानाही?

सड्यावरचा

वळणावर जास्त, पण सरळ जाताना खड्ड्यातही येतो आवाज. स्टीअरिंग किती वळवलंय याचा फारसा संबंध दिसत नाही.

पंक्चरवाला_खेडचा

बरोबर. या गाडीत शॉकप चाकाबरोबरच वळतो, त्यामुळे त्याच्यात आणि टायरमध्ये फट कायम सारखीच राहते. ती फटच कमी आहे, आणि वळणावर टायरचं पोट फुगून तेवढी भरून काढतं. किती फट आहे? पोस्टकार्ड जातं का?

सड्यावरचा

गाडी उभी असताना पोस्टकार्डं दुमडून घातली. अंदाजे ३ मिमी.

पंक्चरवाला_खेडचा

मग रिम बदलू नका, स्पेसर नको, स्टड नको. टायर बदला. २०५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. याच गाडीच्या झेडएक्सआयला कंपनी १५ इंची चाकावर १८५/६५ देते. २०५ मधून १८५ गेले, २० उरले. निम्मे आत, निम्मे बाहेर. आतून १० मिमी मोकळे होतील, ३ चे १३. साडेसहाच्या रिमवर १८५/६५ बसतो, ती त्याची वरची मर्यादा आहे, पण मर्यादेत आहे. उंचीचंही बघा: २०५/६० चा व्यास ६२७ मिमी, १८५/६५ चा साधारण ६२१. अर्धा सेंटीमीटर फरक, मीटरला काही होत नाही.

तुमचे २०५ चांगले असतील तर विकले जातील, थोडी भर घालून नवे येतील. मात्र ७३.१ ते ५४.१ ची रिंग घ्यायला विसरू नका, आणि अलॉयचे निमुळते नट वेगळे असतात, तेही बघून घ्या. लोखंडी स्टेपनीसाठी जुने चार नट डिकीत पिशवीत ठेवा.

तंत्र_शिक्षक

इतका वेळ आम्ही सगळे चाक बाहेर कसं न्यायचं याचीच चर्चा करत होतो. टायर आत घेता येतो हे एकालाही सुचलं नाही. सुरेख.

रात्रीचा_घाट

हे वाचून मीही आज चाकं उतरवली. तीन वर्षांत पहिल्यांदाच आतले नट बघितले. मागच्या उजव्या चाकाचा एक नट पान्याला लगेच फिरला, पाव फेरा. बाकीचे घट्ट होते. आधी "विषय संपला" असं लिहिलं होतं ते मागे घेतो. पुस्तकातल्या आकड्यावर आवळलेत, पण आता ठेवायचे की काढायचे याचा खरंच विचार करतोय. करूळकरीण ताई, तुमचा प्रतिसाद नसता तर उतरवली नसती.

करूळकरीण

दादा, काढा. दिवाळीला घरी सगळे येणार असतील, त्याआधी काढा.

सड्यावरचा

दोन आठवड्यांनी लिहितोय. खेडला जाऊन १८५/६५ टाकले, चार रिंगा घेतल्या. हबची तोंडं आधी घरी वायरब्रशने साफ केली होती. लाल मातीचा आणि गंजाचा असा थर निघाला की खाली वर्तमानपत्र भरलं. नट आधी हाताने लावले, मग फुलीसारखे समोरासमोर, शेवटी टॉर्कच्या पान्याने. पान्याचे पैसे भाऊ देतोय, चकत्या त्याने आणल्या होत्या म्हणून.

घर्र गेली. ८० ला थरथरही नाही. शॉकपच्या घासलेल्या जागी रंग मारला, म्हणजे परत लागलं तर लगेच दिसेल. वडील शेजारी बसून शृंगारतळीपर्यंत आले, काही बोलले नाहीत, येताना म्हणाले बाजारात थांब, नारळ घेऊ.

पंक्चरवाला_खेडचा

५०-१०० किमी झाल्यावर नट परत बघितले का?

सड्यावरचा

दुसऱ्याच दिवशी, चिपळूणहून आल्यावर. गाडी गार होऊ दिली, मग पाना लावला. सोळाही नट जागेवर.

परुळ्याचो_आजो

त्या चकत्यांचा काय केलंस?

लेथ_कुडाळ

माझ्याकडे पाठव, झिला. मधून आरपार कापतो, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या गाडीत जायच्या नाहीत.